वाढणारीचं सीट

हैदराबादेत टमाटे स्वस्त, पण प्यायचं पाणी विकत. संभाजीनगरात धर्मशाळेला पाणी भरपूर, पण सकाळी सहानंतर दूध मिळेल याची खात्री नाही. आग्र्यात चप्पल सांभाळायचे वेगळे पैसे, जयपुरात संडासाचे वेगळे. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात हे सगळं एकट्या माणिकबाईला तोंडपाठ होतं. कोणाच्या घरी सहलीचा विषय निघाला, की नवरा बायकोला म्हणायचा, "जाय, माणिकबाईले इचारून ये, कुठं स्वस्त पडते." आणि माणिकबाई दाराच्या उंबऱ्यावर बसून, डोळे मिटून, एका माणसाला कुठं किती लागतात ते सांगायची. तिचा आकडा पन्नास रुपयांपलीकडे चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

बावीस वर्षं ती अकोल्याच्या एका यात्रा कंपनीत स्वयंपाकाला होती. या कंपन्यांची रीत अशी, की बसच्या डिकीत गॅसची सिलिंडरं, मोठमोठे गंज म्हणजे पातेली, कणकेचं पोतं आणि आलू-कांद्याची गोणी भरायची. जिथं मुक्काम पडेल तिथं धर्मशाळेच्या मागच्या अंगणात चूल लावायची. यात्रेकरूला परमुलखात घरची पोळी मिळते, शेठला हॉटेलपेक्षा निम्म्यात पडते. दोघंही खूश. माणिकबाई पहाटे पाचच्या एसटीनं अमरावतीहून निघायची. बरोबर पोत्यात गुंडाळलेली स्वतःची विळी, कारण दुसऱ्याच्या विळीवर तिचा भरवसा नव्हता. अकोल्याला पोचायची आणि मोठ्या बसमध्ये चढायची. तिथं सीट नावाची गोष्ट तिला नव्हती. ड्रायव्हरच्या मागं एक गादी टाकलेली असायची, तिच्यावर ती आणि दुसरा आचारी पाय मुडपून बसत.

अशी ती एकोणीस वेळा हैदराबादला आणि अकरा वेळा संभाजीनगरला गेली. पैसे भरून आलेल्या यात्रेकरूंना कंपनीत सीटा म्हणत. पंचेचाळीस सीटा चारमिनार पाहायला गेल्या की ती आलू सोलायची. त्या सीटा गोवळकोंड्याहून उन्हातान्हात परत यायच्या तेव्हा तिचा भात उतरलेला असायचा. स्वयंपाक करणारीनं चारमिनार पाहू नये, असा काही कायदा नव्हता. कायदा असता तर एखादीनं मोडला तरी असता.

गेल्या दिवाळीत तिचा उजवा खांदा बसला. चाळीस लिटरचा गंज उतरवता उतरवता हातच वर जाईना. वय एकसष्ट. शेठनं निरोपाची साडी दिली. पोपटी, आणि अशी पोपटी की ती कोणाला द्यावी हाही प्रश्नच. माणिकबाई घरी आली, विळी माळ्यावर टाकली आणि पंधरा दिवस दुपारची झोपली. झोपून उठली की आणखी थकल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट मात्र तिनं आधीच ठरवून ठेवली होती. एकदा तरी सीट म्हणून जायचं. खिडकीजवळ बसून, हात हलवत. उतरल्यावर चूल शोधायची नाही.

त्यासाठीच तिनं वर्षभरापूर्वी भिशी काढली होती. मोहल्ल्यातल्या बारा बायका आणि ती. कोणी दवाखान्यात आया, कोणी मेसमध्ये पोळ्या लाटणारी, कोणी चार घरची धुणीभांडी करणारी. महिन्याला दोनशे. चिठ्ठी काढायची नाही, पैसे साठवायचे आणि वर्षानं सगळ्यांनी मिळून एक ऐतिहासिक शहर पाहून यायचं. चतुराबाई त्यांच्यात सगळ्यात म्हातारी, सत्तरीची, दोन अपार्टमेंटचे जिने झाडून खाणारी. मागं एकदा शेगावच्या सहलीला ऐनवेळी 'शंभर-शंभर आणखी द्या' झालं आणि चतुराबाई घरी राहिली. म्हणून माणिकबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वरतून एक रुपया मांगाचा नाई. कोनीच नाई. ज्याइले कबूल नसन त्याइनं आत्ताच उठा." कोणी उठलं नव्हतं.

जानेवारीत एकतीस हजार दोनशे रुपये जमले. एका रविवारी दुपारी साधनाच्या अंगणात बैठक बसली. साधना गावातल्याच एका दवाखान्यात आया, बारावी झालेली, भिशीचं लिहायचं काम तिच्याकडं. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजू तिनं घेतल्या. एकीवर हैदराबाद, दुसरीवर संभाजीनगर.

"सांग व बाई," साधना म्हणाली. "गाडीभाडं?"

माणिकबाईनं डोळे मिटले. "हैदराबादची गाडी इथूनच सुटते. झोपून जाचं झालं तं जाऊन-येऊन साडेसातशे धर. औरंगाबादले येष्टी. बायकाइले अर्धं तिकीट. जाऊन-येऊन पाचशे ऐंशी."

"हैदराबादले बायकाइले बस फुकट हाय म्हन्ते," एकीनं मध्येच टाकलं.

"हाय नं. पन आधार कार्ड तिथलं पायजे. तुहं कार्ड बडनेऱ्याचं. कंडक्टर पाहीन अन् उतरवून देईन."

सगळ्या हसल्या. माणिकबाई सांगत गेली. धर्मशाळेत एका खोलीत चार बायका कशा बसवायच्या, ऑटोवाल्याला आधी हिंदीत भाव विचारायचा आणि मगच आपसात मराठीत बोलायचं, तिकीटखिडकीवर भारतीयांचं तिकीट वेगळं असतं, गाइड करायचा नाही, दुसऱ्याच्या गाइडच्या मागं दोन पावलं उभं राहायचं. हे सगळं तिला सीटा जेवताना आपसात बोलायच्या त्यातून कळलं होतं. साधनानं बेरीज केली. हैदराबाद माणशी पंचवीसशे पन्नास. संभाजीनगर एकोणीसशे ऐंशी.

"बारा जनी," माणिकबाईनं समोर नजर फिरवून सांगितलं.

"बारा गुनिले पंचवीसशे पन्नास," साधना पुटपुटली. "तीस हजार सहाशे. बसते बाप्पा! सहाशे उरते."

"मंग औरंगाबाद कायले?" चतुराबाईनं नाक उडवलं. "ते आपल्याच घरचं. हैदराबादेत बांगड्या भेट्टे, लाखेच्या. मी माह्या नातीले कबूल करून बसली."

हात वर झाले. हैदराबादला आठ, संभाजीनगरला चार. साधनाचा हात संभाजीनगरला होता. तिला वेरूळची बुद्धलेणी पाहायची होती. तिनं कागदावर हैदराबादखाली रेघ ओढली. "जाऊ द्या. पुढच्या वर्सी पाहू."

माणिकबाईनं हात वर केलाच नव्हता. कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

गुरुवारी साधना रिझर्वेशनला गेली आणि तिकिटं न काढता परत आली. संध्याकाळी तिनं सगळ्यांना बोलावून घेतलं. तिच्या हातात रेल्वेचे दोन भरलेले फॉर्म होते.

"एका फॉर्मावर सहा नावं बसते," ती म्हणाली. "दोन फॉर्म भरले, मले वाटलं झालं. खिडकीपाशी गेली, बाबूनं इचारलं किती पॅसेंजर. मी म्हटलं तेरा. तो म्हन्ते, बाई, इथं बाराच हायत. एकेक नाव वाचलं तवा समजलं." ती माणिकबाईकडं पाहू लागली. "तू नाई यात."

"मी कशी नाई?"

"तूच सांग. बारा गुनिले तुनंच सांगतलं. तू सांगत गेली, मी लिहीत गेली."

माणिकबाईनं फॉर्म हातात घेतले. नावं तिला वाचता येत होती, सावकाश. बाराही वाचली. मग चूक कुठं झाली ते तिला एकदम कळलं. पंगत मोजताना वाढणारी मोजत नाहीत. बावीस वर्षं शेठ विचारायचा, 'किती पानं?' आणि ती म्हणायची, 'पंचेचाळीस.' पन्नासाव्या नाही, सेहेचाळिसाव्या पानाचाही कधी विषय नसायचा. पंचेचाळिसांच्या कणकेत दोन आचारी, दोन ड्रायव्हर, एक क्लीनर निघतातच. उरलेल्यात भागतं. तेच माप घेऊन तिनं समोर बसलेल्या बायका मोजल्या होत्या. बारा.

"तेराचे तेहतीस हजार एकशे पन्नास होते," साधना म्हणाली. "एकोनीसशे पन्नास कमी पडते."

दीडशे-दीडशे काढले असते तर मिटलं असतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण एक रुपया वरतून मागायचा नाही, हे माणिकबाईचंच बोलणं होतं, आणि चतुराबाई जमिनीकडं पाहत बसली होती.

मग मेसमध्ये पोळ्या लाटणारी एकजण म्हणाली, आणि अगदी सहज म्हणाली, "अवं, एवढं काय त्यात? जेवनाचे आठशे पंचवीस धरले नं माणशी? हाटेलात जेवाचंच नाई. शेगडी अन् दोन गंज नेऊ. माणिकबाईच्या हाताले चव हाय. जेवन निम्म्यात होते अन् तिचं सीटई निंगते."

"हव नं!" दोघी-तिघी एकदम बोलल्या. "हे आधीच काहून नाई सुचलं?"

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. बायका खरोखरच खूश झाल्या होत्या, आणि माणिकबाईला तेच सगळ्यात जास्त लागलं.

"मी चोवीसशे भरले," ती म्हणाली. आवाज वाढला नव्हता. "तुम्ही भरले तेवढेच. चोवीसशे भरून मी तुमच्यासाठी कनीक मळू?"

"चिडते कायले? आमी मदत करू नं. आलू आमी सोलू."

"तू सोलशीन. अन् चारमिनार पाहून आल्यावर सोलशीन का जाच्या आधी?" आता आवाज वाढला. "मले लोक म्हन्ते एकोनीस डाव हैदराबाद पाहलं. काय पाहलं ते सांगू? धर्मशाळेच्या मांगचा नळ पाहला. डाव्या हाताचा, त्याची तोटी गळते. मोरीजवळ एक लिंबाचं झाड हाय, त्याखाली माह्यी चूल. भित्तीच्या वरतून एका मशिदीचा मिनार दिसते, अर्धा. बस. चारमिनार कोनत्या बाजूले हाय हेबी मले मालूम नाई. अन् तुमी मले तिथंच नेऊन बसवता? त्याच नळापाशी?"

साधना म्हणाली, "कोनी बळजबरी नाई करून राहिलं, माणिकबाई. पन चूक तुही हाय. आमची हाय का?"

"माह्यीच हाय. नाव काटा माह्यं. बारा तं हायच. दोन फॉर्म भरले हायत, जा अन् काढा तिकिटं." ती उठली. खांद्यातून कळ गेली तशी पुन्हा बसली. थकली होती. भांडायचंही एक बळ लागतं, ते बावीस वर्षांत गंजांसोबत उतरून गेलं होतं.

मग चतुराबाई हात पुढं करून साधनाला म्हणाली, "तो कागद दे इकडं." लग्नपत्रिका तिनं हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती फक्त उलटी केली आणि परत दिली. "या बाजूनं तेराचे किती होते?"

साधनानं गुणाकार केला. "पंचवीस हजार सातशे चाळीस. साडेपाच हजार उरते जवळपास."

"मंग हेच करा."

"अन् तुह्या नातीच्या बांगड्या, मावशी?"

"औरंगाबादेत बायका का हात उघडे ठेवून फिरते?" चतुराबाई खेकसली. मग माणिकबाईकडं वळून, तेवढ्याच खेकसत, "तुह्या एका सीटापायी चारमिनार गेला पाय माहा. येवढं ध्यानात ठेवजो. अन् म्या तुह्यासाठी नाई केलं. मी शेगावले राहिली होती घरी, तवा माह्यासाठी कोनी कागद उलटा नव्हता केला."

निर्णय झाला, पण खुशी कोणालाच झाली नाही. हैदराबादवाल्या आठ जणींपैकी पाच त्या आठवड्यात माणिकबाईच्या दारावरून तोंड वळवून गेल्या. नळावर एकजण मोठ्यानं म्हणाली, "मोठी लाटसाहेब." जिला लेणी पाहायला मिळणार होती ती साधनासुद्धा गप्प होती. आपल्या मनासारखं दुसऱ्याच्या चुकीनं झालं, की माणसाला आनंद मोकळा करता येत नाही. माणिकबाईनं दोनदा ठरवलं, आपणच नाही म्हणून सांगावं. दोन्ही वेळा जोडे पायात घातले आणि पुन्हा काढून ठेवले. जिंकलो असं तिला वाटत नव्हतं. फक्त मागं फिरायचीही ताकद नव्हती.

फेब्रुवारीत तेरा जणी निघाल्या. एसटीत खिडकीचं सीट साधनानंच तिला दिलं. "बस. चारमिनार दिसन." मागच्या सीटांवर हशा पिकला. माणिकबाईनं काच सरकवली आणि बाहेर पाहत राहिली. अकोल्याच्या स्टँडवर बस थांबली तशी ती ताडकन उठली, पिशवी उचलली आणि दारापर्यंत पोचली.

"कुठं चालली वं?" चतुराबाई ओरडली. "आपल्याले पुढं जाचं हाय!"

तिचे पाय उतरले होते, ती नाही. बावीस वर्षं अकोला म्हणजे उतरायचं आणि कामाला लागायचं. ती परत आली, बसली. या वेळी कोणी हसलं नाही. कोणीतरी तिच्या हातात चण्याची पुडी ठेवली. कोणी ते तिनं पाहिलं नाही.

धर्मशाळा तीच होती, जिच्या मागच्या अंगणात तिनं अकरा वेळा चूल लावली होती. तिनंच सुचवलेली, स्वस्त म्हणून. सकाळी सवयीनं तिला लवकर जाग आली आणि ती उठून मागच्या अंगणात गेली. तिथं दुसऱ्या कुठल्या तरी यात्रा बसचे आचारी बसले होते, फ्लॉवर चिरत. एकजण ओळखीचा निघाला, खामगावचा देवमन.

"मोठीबाई! कोनत्या गाडीवर हाय आता?"

"गाडीवर नाई. सीट हाय मी."

देवमननं विळीवरचा हात थांबवला. मग पाट पुढं सरकवला. "बसा मंग. च्या घ्या. सीटाइले आमी आधी देतो." ती पाटावर बसली. समोर फ्लॉवरचे तुरे पडले होते, जाडजाड चिरलेले, देठासकट. तिचा हात दोनदा विळीकडं गेला. दुसऱ्या वेळी तिनं तो पदराखाली घेतला, चहा संपवला आणि उठली.

दहा वाजता सगळ्या बीबी का मकबऱ्याला पोचल्या. तिकीटखिडकीवर साधना तेरा तिकिटं घेणार, तोच माणिकबाई म्हणाली, "माह्यं मी काढतो. पैसे भिशीतलेच दे. पन हातानं मले काढू दे." तिनं नोटा सरकवल्या, तिकीट घेतलं, उलटून पालटून पाहिलं आणि ब्लाउजात ठेवलं. आत गेल्यावर ती चालत राहिली. अकरा वेळा तिनं हे मिनार पार्किंगच्या भिंतीवरून पाहिले होते, वरचा अर्धा भाग. खालचा अर्धा आज पहिल्यांदा दिसला. खाली संगमरवर होता आणि वर चुना. शेजारच्या टोळीचा गाइड सांगत होता, की बादशहाच्या पोरानं आईसाठी बांधला, आग्र्याच्या ताजमहालासारखाच, पण बापानं पैसे मोजून दिले, म्हणून वर चुन्याचं काम केलं. तेरा जणी दोन पावलं मागं उभ्या राहून ऐकत होत्या.

"म्हंजे त्यालेई बजेट पुरलं नाई," चतुराबाई म्हणाली. "अन् कागद उलटा करनारं कोनी भेटलं नाई."

माणिकबाई हसली. त्या आठवड्यातलं, कदाचित त्या महिन्यातलं पहिलं हसू. तिनं भिंतीला हात लावला. थंड होती. मग बाकीच्या आत कबरीकडं गेल्या आणि ती बागेत एका झाडाखाली टेकली. पाच मिनिटं समोर पाहिलं. पांढरा घुमट, पाण्याचा कोरडा हौद, शाळेच्या सहलीच्या पोरी. सुंदर होतं. मग तिला झोप लागली. बसल्या जागी, तोंड उघडं टाकून, दीड तास. तिच्या चपलांजवळ चतुराबाई पाय पसरून बसून राहिली आणि हाकलायला आलेल्या पहारेकऱ्याला म्हणाली, "तिकीट काढून झोपली हाय बापा. जाय."

जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. माणिकबाई दचकून उठली. "जेवनाचं?"

"चाल ना खानावळीत," साधना म्हणाली. "तुहीच वाट पाहून राहिलो."

खानावळ साधी होती, लांब बाकडी, भिंतीवर भाव लिहिलेले. मालकानं विचारलं, "किती ताटं?"

"बारा," माणिकबाई म्हणाली.

"तेरा!" मागून तीन-चार आवाज एकदम आले, आणि त्यातला सगळ्यात मोठा साधनाचा होता. "पुन्हा बारा म्हनशीन तं इथंच सोडून जाऊ तुले."

ताटं आली. पोळ्या एका बाजूनं कच्च्या होत्या. भाजीत बटाटा नुसता वाफवल्यासारखा. माणिकबाईनं वरण भातावर घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. वरणात मीठ कमी होतं. चांगलं चिमूटभर कमी. आतल्या बाजूला चूल दिसत होती, चुलीपाशी एक बाई पाठमोरी बसली होती आणि तिच्या पायाशी मिठाचा डबा होता, उघडा.

माणिकबाई उठली नाही. तिनं दुसरा घास घेतला.